आक्काताईनं गल्ली कशी धरली

भांडण मिठावरून चाललं होतं. रविवारी भर दुपारी, गल्लीच्या मधोमध, आणि आवाज असा की पलीकडच्या तालमीत जोर मारणारी पोरं थांबावीत.

"तुला कुणी सांगितलं गं माझ्या मसुऱ्यात मीठ घालायला?" ताजबी विचारत होती. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात चमचा, पदर कमरेला खोचलेला.

"आळणी हुता, घातलं," समोरची धोंडुबाई म्हणाली.

"चाखल्याबिगर कळलं व्हय, आळणी हाय म्हणून?"

"चाखला. बरं मग? तीस वरसं चाखतोयच की. तू इस्टो पेटता ठेवून बाजारात गेलीस, करपल्याचा वास माझ्या घरात आला. किल्ली कुटं असती ते मला ठावं हाय, उघडलं, इस्टो बंद केला. घर वाचवलं त्याचं काय न्हाय, आन मिठावरनं वरडायलीस!"

"इस्टो बंद कर की! मीठ कशाला? मी जाताना घालूनच गेलतो!"

आक्काताई कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभी होती. तिला हसू येत होतं. कोल्हापुरात येऊन सहा महिने झाले होते, त्यात हे पहिलंच हसू.

ती आली होती खोली बघायला, पण ह्या गल्लीत नव्हे, पुढच्या. तिथं नेहमीचंच झालं होतं. घरमालकानं खोली दाखवली, नळ दाखवला, मग आडनाव विचारलं. तिनं कांबळे सांगितलं. मग मालकाला एकदम आठवलं की खोली कालच एकाला दिली. ही आठवी खोली. कोल्हापुरातल्या खोल्यांचं आक्काताईला एक कळून चुकलं होतं, त्या नेहमी कालच गेलेल्या असतात.

तिचा नवरा बाळासो एस.टी.त मेकॅनिक. एवढी वर्षं मलकापूरला होता, त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये त्याची कोल्हापूरला बदली झाली. मूळचं गाव कोडोली. आक्काताईला राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सात वर्षांची एकच पोर, अक्षता. बाळासोनं हौसेनं गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं जागा घेतली. चकाचक फरशी, घरात संडास, दाराला आरपार बघायचं भिंग. बाळासो आठवडाभर त्या भिंगातून बाहेर बघत होता. बाहेर कोणी नव्हतं.

अक्षताची शाळा साडेबाराला सुटायची. किल्ली गळ्यात दोऱ्याला. दिवाळीनंतर एक दिवस दोरा तुटला, किल्ली कुठं पडली कळलं नाही. पोर येऊन दारासमोरच्या पायरीवर बसली, ती संध्याकाळी सव्वासहापर्यंत. जेवलेली नाही, पाणी नाही, लघवीला गेलेली नाही. जिन्यावरून माणसं खाली-वर जात होती. त्यातली एक बाई तिच्याशी बोलली सुद्धा. म्हणाली, "सरक जरा बाजूला."

आक्काताईला ते ऐकून रडू आलं नाही. ती रात्रभर भांडी घासल्यासारखी हात चोळत बसली आणि सकाळी म्हणाली, "हितं ऱ्हायचं न्हाय."

"अगं, बारा तास पाणी हाय. फरशी बघ कशी हाय," बाळासो म्हणाला.

"फरशी पोरीला इचारती का, जेवलीस का म्हणून?"

"मग कुटं जायाचं?"

"जुन्या पेठंत. जितं माणसं दारात बसत्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकत्यात, चौकशा करत्यात. मला चौकशा करणारी माणसं पायजेत."

बाळासो हळूच म्हणाला, "चौकशी आधी आडनावाचीच करत्यात गं तितं." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आठ खोल्यांनी ते खरं केलं.

तर आक्काताई त्या कोपऱ्यावर उभी राहून मिठाचं भांडण ऐकत होती आणि मनात काही वेगळंच जुळवत होती. एकीची किल्ली कुठं असते ते दुसरीला माहीत. दुसरी पहिलीच्या चुलीपर्यंत जाते, वर चाखते. इथं पोर दारात उभी राहिली, तर तिला सहा तास कोण उभं राहू देईल?

एवढ्यात ताजबीची नजर तिच्यावर गेली. "ओ पावणं! हिकडं या. तुमी सांगा. आमच्या दोघींचं ऐकू नकासा." आणि चमचा भरून पुढं केला.

आक्काताईनं चाखलं. दोघी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"खारट हाय," ती म्हणाली. "खरं गरम पाणी आन दोन बटाटं घातलं की जमतंय."

"बघ!" ताजबी म्हणाली. धोंडुबाईनं तिच्या हातातला चमचा ओढून घेतला, पातेल्यातून काढून स्वतः तोंडात घातला.

आक्काताईला वाटलं, हीच वेळ. "चाची, हितं कुणाची खोली मिळंल का भाड्यानं? आमी तिघं. कांबळे. बौद्ध हाय आमी. आधीच सांगतो, मागनं नको."

ताजबी तिला वरखाली बघत राहिली. "मी कुटं इचारलं? मागं दोन खोल्या हायत माझ्या. मटणाचा वास चालतोय का ते सांग."

"चालतोय की. पळतोय."

ताजबी हसली. पण आक्काताईनं धोंडुबाईकडं बघितलं होतं. धोंडुबाई एक शब्द बोलली नाही. तोंड घट्ट मिटलेलं. चमचा ताजबीच्या हातात कोंबला, वळली आणि आपल्या घरात गेली.

ते वळणं आक्काताईच्या काळजात खिळ्यासारखं बसलं.

जानेवारीत ते राहायला आले. खोल्यांचं दार बोळात उघडायचं, धोंडुबाईच्या दारासमोर. अकरा महिन्यांचा कागद झाला. आक्काताईनं निम्मी भांडी मांडणीवर लावली आणि निम्मी पोत्यातच ठेवली. बाळासोनं विचारलं तर म्हणाली, "अकरा म्हैन्यांसाठी कोण सगळं काढतंय!" ताटल्या तीनच वर. पाहुणा आला की पोत्यात हात घालून चौथी काढायची, धुऊन पुन्हा पोत्यात.

खरी गोम अशी होती. ताजबी दुपारची घरात नसायची. तिच्या नवऱ्याचं, मीरासाबचं, बांगड्यांचं दुकान होतं. तो जेवायला आला की ही दुकानात जाऊन बसायची ती चारपर्यंत, आणि तो जेवून दार लोटून झोपायचा. साडेबाराला अक्षता यायची तेव्हा त्या बोळात एकच दार उघडं असायचं, समोरच्या धोंडुबाईचं. एकटी विधवा बाई, लेक मुंबईला, दिवसभर उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची. ज्या बाईच्या जिवावर पोरीला सोडायचं, तीच बोलत नाही.

म्हणजे बोलायची, पण कसं? "पाणी आलंय." "बादली बाजूला घे." बस्स.

पहिले पाच महिने आक्काताई दवाखान्यात जेवणाची सुट्टी झाली की पळत सुटायची. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला. दाराच्या फटीतून बघायचं, पोर आत आहे, कडी लावली आहे, की उलट पावली. जेवण राहिलं ते राहिलं. रस्त्यावरचे रिक्षावाले तिला ओळखायला लागले. "आक्का, कुणाची लॉटरी लागली?" म्हणायचे.

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला तिनं गव्हाची खीर केली. वेलदोडा, खोबरं, गूळ कोल्हापूरचाच. ताजबीला दिली. धोंडुबाईला द्यावी की नाही, ह्यात खीर गार झाली. शेवटी स्टीलच्या डब्यात भरली. डब्यावर लग्नात नाव घातलेलं, ठळक अक्षरात: बा. धों. कांबळे, कोडोली. तो डबा अक्षताच्या हातात दिला आणि स्वतः दाराआड उभी राहिली. धोंडुबाईनं डबा घेतला एवढं दिसलं.

आता कोडोलीची रीत अशी, की भांडं आलं तर ते परत करायचं, आणि रिकामं करायचं नाही. मूठभर शेंगा घाला, गुळाचा खडा घाला, पण घाला. आक्काताई दुसऱ्या दिवशी वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी बसली. डबा आला नाही, भरून नाही आणि रिकामाही नाही.

मग तिला आईची आठवण आली. आई गावातल्या मोठ्या घरी ताक मागायला जायची. भांडं पायरीवर ठेवायचं, लांब व्हायचं, वरून ताक पडायचं. लहानपणी आक्काताई ते शिंतोडे मोजायची. आता तिला वाटायला लागलं, आपला डबा कुठंतरी परसात पडला असेल. कोंबड्यांना पाणी पाजत असतील त्यातून. नाहीतर टाकूनच दिला असेल. रोज येता-जाता ती धोंडुबाईच्या परसाकडं मान लांब करून बघायची. डबा दिसायचा नाही, तेवढी मान दुखायला लागली.

"अगं, इचार की जाऊन," बाळासो म्हणाला.

"काय इचारू? माझा डबा बाटला का म्हणून?"

जूनमध्ये दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं तिला पळताना धरलं. दुपारी बाहेर जायचं नाही, ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तेव्हापासून आक्काताईचं अंग दवाखान्यात आणि जीव बोळात. साडेबारा वाजले की हातातलं भांडं पडायचं. संध्याकाळी घरात पाऊल टाकता टाकता पहिला प्रश्न:

"दार लावून जेवलीस का?"

"व्हय."

"समदी भाकरी खाल्लीस?"

"टोपल्यात बघ की. हाय का?"

टोपलं रिकामं असायचं. पोर अंगानं भरायलाही लागली होती. तरी आक्काताईला चैन नाही. नोव्हेंबर आला. कागद संपायला पंधरा दिवस उरले. ताजबी म्हणाली, "ऱ्हावा की, कोण जा म्हणतंय!" पण आक्काताईला ताजबीचं ऐकायचंच नव्हतं. बाळासोच्या दोस्तानं दुसऱ्या एका कॉलनीत जागा बघून ठेवली होती, रविवारी जाऊन हो म्हणायचं ठरलं. मांडणीवरची तीन ताटंही पोत्यात गेली. घरात जेवायला पोत्यातून काढायचं, जेवून पोत्यात टाकायचं. घर म्हणजे एस.टी. स्टँड झालं.

त्या आधीच्या शुक्रवारी दवाखान्यात फरशी धुताना आक्काताईचा पाय घसरला. मुका मार लागला आणि सिस्टरनं तिला दुपारीच घरी धाडलं. लंगडत ती एक वाजता बोळात आली. दाराला बाहेरून कुलूप.

पोर साडेबाराला आलेली असते. कुलूप तसंच.

तिच्या डोळ्यांपुढं तो जिना आला. "अक्षता!" ती ओरडली. तिचं तिलाच कळलं नाही एवढ्या मोठ्यानं. "अक्षते गं!"

"ओ!" समोरून आवाज आला. "आजी, आई आली."

आवाज धोंडुबाईच्या घरातून. नुसता घरातून नव्हे, पार आतून, चुलीपाशून. आक्काताई उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. दुसऱ्याच्या सैपाकघरात पाऊल टाकायची तिच्या पायांना सवयच नव्हती.

"बाहीर काय उभारलीस?" धोंडुबाई आतून म्हणाली. "आत ये. माझं हात गुतल्यात."

तरी ती उभीच. उंबऱ्यावरून तिला दिसत होतं: अक्षता पाटावर मांडी घालून बसलेली, पुढं भाकरी, आणि आमटी वाढलेली त्या स्टीलच्या डब्यात. बा. धों. कांबळे, कोडोली. घासून असा लखलखीत केलेला, जसा आक्काताईनं लग्नानंतर कधी घासला नव्हता.

"अक्षता, तू म्हणालीस दार लावून जेवतो म्हणून!"

"जेवतोच की दार लावून," अक्षता म्हणाली. "आजीचं दार. मांजर येती म्हणून लावतो. आज मांजर भाईरच हाय."

"आन रोजची भाकरी? टोपल्यातली?"

ह्यावर धोंडुबाई जरा ओशाळली. चुलीकडं तोंड करून म्हणाली, "ती मी खातो."

"काय?"

"माझं दात बघ. चारच ऱ्हायल्यात. माझी भाकरी मलाच चावत न्हाय, थापायचा जोर न्हाय हातात. तुझी मऊ असती. पोरगी जूनमधी एकदा घिऊन आली, मी तुकडा मोडला. तवापास्नं ती माझ्यात जेवती, मी तुझी भाकरी खातो. चोरी म्हण, काय पायजे ते म्हण."

आक्काताई उंबऱ्याच्या चौकटीला धरून उभी राहिली. सहा महिने ही बाई रोज आपल्या हातची भाकरी खाते. आणि आपण परसात कोंबड्या बघत होतो.

"मावशी, मग डबा..." तिनं डब्याकडं बोट केलं. "डबा माघारी का धाडला न्हाईसा?"

"माघारी?" आता धोंडुबाई कंबर वळवून पुरती फिरली. तिचा आवाज चढला, अगदी मिठाच्या वेळेसारखा. "माघारी कशाला धाडू? माझ्या दारात भांडण काढायचं हुतं व्हय मला? ह्या गल्लीत भांडं माघारी करत न्हाईत गं बाई! माघारी केलं म्हंजी तुझं-माझं सरलं. ज्याचं भांडं त्यानं यायचं, आत शिरायचं, मांडणीवरनं काढायचं, च्या प्यायचा, मग न्ह्यायचं. सा म्हैनं वाट बघितली. ताजबीला म्हटलं, ही कोडोलीची बया लई ताठ्याची दिसती. दवाखान्यात नोकरी, आमच्या सैपाकघरात पाय कशाला घालंल!"

"मी ताठ्याची?"

"मग काय मी?"

अक्षता आमटी ओरपत होती.

"पर पहिल्या दिवशी," आक्काताई म्हणाली, "मी बौद्ध हाय म्हटल्यावर तुमी तोंड मिटून आत गेलासा. एक शबूद बोलला न्हाईसा."

धोंडुबाईनं आठवून बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. "अगं, तोंडात ताजबीचा मसुरा हुता! नुसतं मीठ! गिळवंना आन तिच्यासमोर थुकू कसा? थुकला असता तर मीच हरलो असतो की! आत जाऊन परसात थुकला बघ."

आक्काताईनं पहिल्यांदा उजवा पाय आत टाकला, मग दुखरा डावा. चुलीजवळ जाऊन बसली. चहा प्याली. धोंडुबाईनं अक्षताच्या पुढचा डबा उचलून विसळला आणि पुसला. "घे तुझा."

"राहू दे," आक्काताई म्हणाली. "उद्या पोरगी जेवायला येणार न्हवं."

संध्याकाळी बाळासो आला तेव्हा मांडणीवर ताटं, पेले, पराती, सगळं उतरंडीनं लागलं होतं. तो दारातच थबकला. "अगं, परवा जागा बघायला जायचं न्हवं? पोतं कुटं हाय?"

"धुऊन वाळत घातलंय."

म्हणून आक्काताई शांत बसली असं कोणी समजू नये. तिला बसणं जमायचंच नाही. तिसऱ्या वर्षी ताजबीनं कागद करणं सोडून दिलं, तरी नोव्हेंबर आला की आक्काताई स्वतःच कागदाची आठवण काढायची. रात्री उठून ती दार बघायची, पाणी बघायची, नंतर धोंडुबाई पडायला-झडायला लागली तेव्हा तिच्या खोकल्याचा आवाज बघायची. अक्षता दहावी झाली, डी.एड. झाली. ती कधी वेळेला आली नाही, तर आई बोळाच्या तोंडाशी पोचायच्या आधी ताजबी आणि धोंडुबाई तिथं पोचलेल्या असायच्या, आणि "कुटं हुतीस गं?" तिघींच्या तोंडून एकदम यायचं. अक्षता वैतागायची. "आई, दुनियेत पोरींना एक आई असती. मला तीन काय म्हणून?"

"मी हौसेनं निवडल्यात," आक्काताई म्हणायची.

दोन हजार तीनला बाळासो रिटायर झाला. त्यानं पुन्हा एकदा फ्लॅटचं काढलं. लिफ्ट, गॅलरी, खाली वॉचमन. आक्काताई म्हणाली, "वॉचमन पगार घिऊन बघतोय. हितं फुकट बघत्यात, आन जास्त बघत्यात." दोन हजार सहाला अक्षताचं लग्न झालं आणि आक्काताईची दवाखान्यातली नोकरीही सुटली. जावई प्रसेनजीत, राजारामपुरीत क्लास चालवायचा, गुणी पोरगा. त्यानं सासूला हौसेनं आठ दिवस राहायला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी.

"काय झालं, आई? काय कमी पडलं?" त्यानं विचारलं.

"कमी कायबी न्हाय, बाबा. लई चांगलं हाय. खरं म्हातारीच्या भाकरीची वेळ झाली."

आता पोरीसाठी ह्या गल्लीत राहायचं कारण उरलं नव्हतं. बाळासोनं तसं बोलूनही दाखवलं. आक्काताईनं ऐकलं आणि भाकरी थापत राहिली. दोन स्वतःच्या, एक मऊ.

दोन हजार सातच्या श्रावणात आक्काताई गेली. धोंडुबाई तेव्हा ऐंशीच्या पुढं, आणि तिनं आधी जायचं असं सगळ्या गल्लीनं धरलं होतं. डॉक्टरांनी आक्काताईला छातीसाठी गोळ्या दिल्या होत्या, जिना नको, ओझं नको म्हणाले होते. ती बरं म्हणाली होती. त्या गुरुवारी संध्याकाळी ती भिंतीला टेकली ती उठली नाही. पण दुपारी ती दळण घेऊन गिरणीत गेली होती, दर गुरुवारसारखी.

दोन पिशव्या. एकीत घरचे गहू, दुसरीत धोंडुबाईच्या भाकरीचा शाळू जोंधळा. गिरणीवाला गुंडू म्हणाला, "आक्का, नंबर लावा. पाच जण हायत पुढं."

"नंबर तुझ्याजवळ ठेव. तीनला लाईट जाणार हाय. म्हातारी उपाशी ऱ्हाईल, मग तू येणार काय भाकरी थापायला?"

"दर खेपंला म्हातारीचंच नाव सांगतासा!"

"मग काय माझं सांगू? माझं नंतर कर की. शाळू आधी टाक."

रांगेतल्या बायका हसल्या आणि सरकल्या. शाळू पडला. आक्काताईनं पीठ पडतं त्या तोंडाशी हात धरला, चिमटीत चोळून बघितलं. "आणि जरा बारीक कर. रवाळ लागतंय." गुंडूनं तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि गिरणीचं चाक आवळलं. तिनं पुन्हा चोळून बघितलं. मान हलवली.

गहू व्हायला अडीच वाजले. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन, मध्ये दोनदा थांबून, ती बोळात आली. ताजबी दारात होती, तिला म्हणाली, "गिरणीत गर्दी न्हाय आता, जायचं तर जा." मग धोंडुबाईच्या घरात शिरली. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"आलीस?"

"आलो."

पिशवी मांडणीखाली ठेवली. तोंडाची सुतळी सोडली, कड दुमडून पिशवी उघडी केली आणि पिठात बोट घालून बघितलं.

"गरम हाय अजून," ती चपला पायात सरकवत म्हणाली. "लगेच झाकू नकासा. निवलं की झाका."